सीमाभागातील हवा आणि वाहनांचा धूर : ग्रंथालयाच्या आधारे अभ्यास कसा करावा?

वेदगंगाकाठ :

नमस्कार. निपाणी परिसरातील एका पदवी महाविद्यालयात मी पर्यावरणशास्त्र शिकवते. यंदा अंतिम वर्षाच्या एका गटाने प्रकल्पासाठी 'वाहनांचा धूर आणि बेळगाव जिल्ह्यातील हवा' हा विषय घेतला आहे. विषय त्यांच्या रोजच्या पाहण्यातला आहे; पुणे-बंगळूर महामार्ग दारावरून जातो आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरांची रांग संपता संपत नाही. अडचण आहे ती वाचनसामग्रीची. आमच्या ग्रंथालयातील पाठ्यपुस्तकांत १९५२ सालचे लंडनचे धुरके आहे, लॉस एंजेलिस आहे, दिल्ली आहे. बेळगाव, चिक्कोडी, निपाणी मात्र कोठेही नाही. मग विद्यार्थी मोबाइलवरील एखाद्या ॲपमधला आकडा उतरवून घेतात आणि त्याखाली 'स्रोत : इंटरनेट' असे लिहून मोकळे होतात.

त्यांनी ग्रंथालयात बसून हा अभ्यास करावा अशी माझी इच्छा आहे. कोणत्या ग्रंथालयात जावे, तेथे नेमके काय मागावे, आणि जिल्ह्यातील प्रदूषणात वाहनांचा वाटा सर्वाधिक आहे हे कागदपत्रांवरून दाखवता येईल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. बरीचशी सरकारी कागदपत्रे कन्नडमध्ये असतात. परंतु गटातील दोघी कन्नड माध्यमातून आलेल्या असल्यामुळे तेवढे निभावून जाईल.

जुना ग्रंथपाल :

ताई, ग्रंथपालासमोर उभे राहून 'बेळगावच्या प्रदूषणावर पुस्तक द्या' असे म्हटले, तर उत्तर 'नाही' असेच येईल आणि ते खरेही असेल. या विषयाचे साहित्य एका कपाटात नसते. ड्यूई दशांश वर्गीकरणानुसार पुस्तके लावलेल्या ग्रंथालयात हवेचे प्रदूषण ही सामाजिक समस्या म्हणून ३६३.७३९२ या क्रमांकाखाली मिळेल, प्रदूषण-नियंत्रणाचे अभियांत्रिकी अंग ६२८.५३ खाली, मोटारीचे इंजिन ६२९.२५ खाली, तर वारा, धुके आणि तापमान यांचे शास्त्र ५५१.५ खाली. बहुतेक विद्यार्थी पहिल्याच कपाटापाशी थांबतात. म्हणूनच त्यांच्या प्रकल्पांत दम्याचे आणि डोळ्यांच्या जळजळीचे वर्णन पानेच्या पाने असते, परंतु धूर इंजिनात तयार कसा होतो, किंवा डिसेंबरच्या सकाळी तो जमिनीलगत का साचून राहतो, याविषयी एक परिच्छेदही नसतो. आपल्या गटातील प्रत्येकाला एकेक कपाट वाटून द्या.

आता ग्रंथालयांविषयी. बेळगावचे १८४८ सालचे सार्वजनिक वाचनालय किंवा कोल्हापूरचे १८५० सालचे करवीर नगर वाचन मंदिर यांसारख्या जुन्या संस्थांचा भर ललित साहित्य आणि नियतकालिके यांवर असतो. विज्ञानाचे शोधनिबंध तेथे मागण्यात अर्थ नाही, परंतु वृत्तपत्रांच्या बांधीव फायली जेथे जपून ठेवल्या असतील तेथे त्या अवश्य पाहाव्यात. शिसेविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर लागू झाले. ते आपल्याकडच्या पंपांवर आले तेव्हा गॅरेजवाल्यांनी आणि वाहनधारकांनी काय म्हटले, हे कळण्याची जागा स्थानिक वृत्तपत्रच आहे.

शोधनिबंधांसाठी विद्यापीठाची पायरी चढावी लागते. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, भूतरामनहट्टीस राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, धारवाडला कर्नाटक विद्यापीठ आहे. निपाणीकरांना मात्र कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि तेथील बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय अंतराने सर्वांत सोयीचे. प्राचार्यांचे पत्र आणि महाविद्यालयाचे ओळखपत्र बरोबर असावे. बाहेरच्या वाचकाला पुस्तक घरी नेण्याची मुभा सहसा मिळत नाही, परंतु बसून वाचू देण्यास ग्रंथपालाची बहुधा हरकत नसते. केंद्र सरकारची 'एक राष्ट्र, एक सदस्यता' ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून तिच्याखाली ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षणसंस्थांना उपलब्ध झाली आहेत. पूर्वी ज्या निबंधाचा केवळ सारांश वाचून समाधान मानावे लागे, तो आता अशा संस्थेच्या संगणकावर पूर्ण उघडू शकतो.

आणि हे सर्व करण्याआधी 'शोधगंगा' पाहावी. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे हे भांडार सर्वांना विनामूल्य खुले आहे आणि त्यात देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध संपूर्ण स्वरूपात आहेत. प्रबंधाचे निष्कर्ष वाचण्यापूर्वी त्याचा पूर्वसंशोधनाचा आढावा वाचावा, कारण तेथे तुम्हाला आयती वाचनयादी मिळते; त्या यादीतून मागे मागे जात राहिले की कोणता आकडा मुळात कोणी मोजला होता हे हाती लागते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. १९६५ च्या कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय कायद्याप्रमाणे मालमत्ता करावर ६ टक्के ग्रंथालय उपकर आपण सर्वजण भरतो. शहर मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन संदर्भग्रंथ मागताना, किंवा नसल्यास तो घेण्याची लेखी सूचना करताना, उपकार मागत असल्यासारखे उभे राहू नये.

रसायनी :

प्रबंधांच्या बाबतीत एक सावधगिरी सांगते, कारण पुढचा सगळा अभ्यास त्यावर अवलंबून आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १८ नोव्हेंबर २००९ रोजी हवेच्या गुणवत्तेची नवी राष्ट्रीय मानके अधिसूचित केली. त्यापूर्वीच्या, म्हणजे १९९४ च्या मानकांत 'एकूण तरंगते कण' हे मोजमाप होते आणि औद्योगिक क्षेत्राला निवासी क्षेत्राहून सैल मर्यादा होती. २००९ मध्ये ते मोजमाप वगळले गेले, औद्योगिक आणि निवासी हा भेद गेला आणि पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण प्रथमच यादीत आले. म्हणून २००४ च्या प्रबंधातील तरंगत्या कणांचा आकडा आणि आजचा पीएम १० चा आकडा एकाच आलेखावर मांडून 'प्रदूषण घटले' असा निष्कर्ष काढता येत नाही. त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कोणताही आकडा टिपताना त्याच ओळीत वर्ष, घटक, एकक, सरासरीचा कालावधी आणि मोजण्याची पद्धत लिहून घेण्याची शिस्त विद्यार्थ्यांना लावा. पद्धत समजून घ्यायची असेल तर भारतीय मानक ब्यूरोची आयएस ५१८२ ही मालिका पाहा. तिच्या निरनिराळ्या भागांत सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, पीएम १० वगैरे मोजण्याच्या कृती पायरीपायरीने दिलेल्या आहेत आणि त्यांतील काही रसायनशास्त्राच्या साध्या प्रयोगशाळेतही करता येतात.

मर्यादांच्या बाबतीतही तसेच. पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा आपल्या मानकांत घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली पातळी ५ आहे. त्यामुळे एकच हवा एका कागदावर 'मर्यादेत' आणि दुसऱ्या कागदावर कित्येक पट वाईट ठरू शकते. दोन्ही कागद वाचलेला विद्यार्थी निदान गोंधळणार नाही.

वाहनांचा वाटा सर्वाधिक आहे का, या प्रश्नाचे उत्तर कोणत्या घटकाविषयी विचारता यावर अवलंबून आहे. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बेंझीन यांच्या बाबतीत शहरात वाहनांकडे बोट दाखवणे बरेचसे सोपे आहे. पीएम १० मध्ये मात्र रस्त्यावरची उडालेली धूळ, बांधकामे, चुली, वीटभट्ट्या आणि कारखाने या सर्वांची सरमिसळ असते. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कानपूर, बंगळूर आणि पुणे या सहा शहरांचा स्रोतनिहाय अभ्यास केंद्रीय मंडळाने २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील पुण्याचे काम ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने, म्हणजे एआरएआयने, आणि बंगळूरचे टेरी या संस्थेने केले होते. आपला जिल्हा याच दोन शहरांना जोडणाऱ्या महामार्गावर आहे, म्हणून हे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचावेत. निष्कर्ष जसेच्या तसे बेळगावला चिकटवू नयेत, परंतु स्रोत वेगळे कसे काढतात, त्यासाठी कणांतील कोणती मूलद्रव्ये तपासतात आणि एकाच शहराच्या पीएम १० चे व पीएम २.५ चे चित्र किती निराळे निघते, हे त्यांतून शिकता येते.

उद्यमबागकर :

मी अभियंता आहे आणि इंजिनाच्या सुट्या भागांच्या धंद्यात माझे आयुष्य गेले आहे. विद्यार्थी बहुधा पीयूसी केंद्रांवर जाऊन आकडे गोळा करू म्हणतील, म्हणून आधीच लिहितो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ११५ वाचा. तो कोणत्याही कायदा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळेल. पीयूसीमध्ये पेट्रोल गाडी उभ्या जागी चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, आणि डिझेल गाडीच्या धुराची अपारदर्शकता पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे त्या चाचणीत मोजलीच जात नाहीत, आणि कणांचे वजनही नाही. डिझेल मालमोटारीच्या बाबतीत चिंता नेमकी या दोहोंचीच असते. भरलेली मालमोटार तवंदी घाट चढते तेव्हा इंजिनावर पूर्ण भार येतो, ज्वलनाचे तापमान वाढते आणि त्या तापमानाला हवेतीलच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन ही ऑक्साइडे तयार होतात. घाटाच्या पायथ्याशी उभी असलेली तीच गाडी पीयूसीत सहज उत्तीर्ण होईल.

नव्या वाहनांच्या धुराची मर्यादा ठरवणाऱ्या भारत स्टेज (बीएस) मानकांचा इतिहासही वाचण्याजोगा आहे. २००१ मध्ये नेमलेल्या डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने वाहन-इंधन धोरणाचा आराखडा २००२ मध्ये दिला; पुढची बरीच वाटचाल त्या आराखड्यावर आधारलेली आहे. बीएस ४ हे १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले, मधला पाचवा टप्पा वगळून बीएस ६ हे १ एप्रिल २०२० पासून आले. इंधनातील गंधक ५० पीपीएमवरून, म्हणजे दहा लाख भागांत ५० भागांवरून, १० पीपीएमवर आले, आणि डिझेल मोटारीसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर उतरली. गंधकाचा आणि या मर्यादेचा संबंध विद्यार्थ्यांना समजावून द्या : गंधक जास्त असेल तर धूर शुद्ध करणारी उत्प्रेरक यंत्रणा निकामी होत जाते, म्हणून आधी तेल शुद्धीकरण कारखाने बदलावे लागले आणि मग गाड्या.

प्रयोगशाळेतील आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत किती अंतर असू शकते याचे उदाहरण हवे असेल, तर २०१५ मधील फोक्सवॅगन प्रकरण वाचा. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या गटाने गाडीतच मापनयंत्र ठेवून ती रस्त्यावर चालवली, आणि चाचणीपुरता धूर कमी करणारी संगणक-प्रणाली अखेर उघडकीस आली. आपल्याकडे प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणी बीएस ६ च्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाली.

वेदगंगाकाठ :

सर्वांचे आभार. रसायनीताईंच्या प्रतिसादामुळे एक गोष्ट स्पष्ट झाली की आमचा प्रश्न फारच ढोबळ आहे. तो घटकनिहाय मांडावा लागेल. विद्यार्थ्यांनी 'वाहन' या सरकारी संकेतस्थळावरून केए २२, केए २३, केए २४ आणि केए ४९ या कार्यालयांकडील नोंदणीचे आकडे काढण्याची तयारी केली आहे. गाड्यांची संख्या, त्यांचे वार्षिक किलोमीटर आणि एआरएआयने भारतीय वाहनांसाठी काढलेले उत्सर्जनाचे गुणांक, म्हणजे किलोमीटरमागे सुटणाऱ्या प्रदूषकाचे प्रमाण, यांचा गुणाकार करून जिल्ह्याचे एकूण उत्सर्जन काढावे, अशी पद्धत त्यांनी एका निबंधात वाचली. ती येथे चालेल का?

हमरस्ता :

मॅडम, मी संकेश्वरचा. मालवाहतुकीच्या कार्यालयात हिशेब पाहतो. पुस्तकातली पद्धत चुकीची आहे असे मी म्हणणार नाही, परंतु सीमेवरच्या जिल्ह्यात ती लावताना दोन ठिकाणी पाय घसरतो.

एक म्हणजे, आमच्या महामार्गावरून धावणाऱ्या गाड्यांपैकी केए २२ किंवा केए २३ कितीशा? एमएच ०९, एमएच १०, गोव्याच्या, तमिळनाडूच्या, राजस्थानच्या गाड्या रात्रंदिवस जातात. त्यांची नोंदणी येथे नाही, पण धूर येथेच सुटतो. उलट आमच्या काही गाड्या नोंदणीने बेळगावच्या असल्या तरी महिन्यातले बरेचसे दिवस त्या जिल्ह्याबाहेर असतात. म्हणजे नोंदणीच्या आकड्यावरून काढलेले उत्सर्जन या रस्त्याचे नव्हे, तर कागदावरच्या जिल्ह्याचे होईल.

दुसरे म्हणजे, कोणी तुम्हाला सुचवील की नोंदणी सोडा आणि पंपांवरील डिझेलच्या विक्रीवरून हिशेब मांडा. तेथेही तीच गत आहे. दोन राज्यांचे कर वेगवेगळे असल्यामुळे इंधनाच्या दरात फरक पडतो. कर्नाटकात डिझेल स्वस्त असते तेव्हा पुण्याकडे निघालेला चालक कोगनोळीचा नाका ओलांडण्यापूर्वी अलीकडेच टाकी भरून घेतो. ते डिझेल विकले जाते चिक्कोडी विभागात आणि जळते सातारा-पुण्याच्या रस्त्यावर. मोठ्या शहरात हा फरक गर्दीत विरून जात असेल. आमच्याकडे हिशेबाचा गाभाच त्याने बिघडतो.

माझ्या मते रस्त्यावरची प्रत्यक्ष मोजणी हाच आधार धरावा. महामार्ग रुंदीकरणाच्या प्रकल्प अहवालांत वाहनगणना दिलेली असते आणि तीत मालमोटार, बस, मोटार, दुचाकी, ट्रॅक्टर असे प्रकार वेगळे केलेले असतात. स्थापत्य अभियांत्रिकी शिकवणाऱ्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत वाहतुकीवरचे विद्यार्थी-प्रकल्पही पडून असतात. ते कोणी उघडत नाही एवढेच.

जुना ग्रंथपाल :

हमरस्ता यांनी लिहिलेला मुद्दा मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळलेला नाही. ताई, प्रकल्पाचे एक प्रकरण यावरच होऊ शकते.

खानापूरचा वकील :

कायद्याच्या बाजूने दोन-तीन ठिकाणे सुचवतो, जेथे जिल्ह्याचे आकडे खरोखर पडलेले आहेत.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. मानकांपेक्षा सातत्याने अधिक प्रदूषण असलेल्या शहरांच्या त्याच्या यादीत आपल्या दक्षिणेची हुबळी-धारवाड आहे, उत्तरेची कोल्हापूर आणि सांगली आहे, बेळगाव नाही. यावरून बेळगावची हवा शुद्ध असल्याचा निष्कर्ष अनेकजण आनंदाने काढतात. ती यादी ज्या शहरांत मापन केंद्रे होती आणि पुरेशा वर्षांची नोंद होती अशांचीच बनू शकते, हे ध्यानात घ्यावे. परंतु यादीत नसल्याचा एक व्यावहारिक परिणाम असा की शेजारच्या शहरांसाठी कृती आराखडे तयार झाले आणि आपल्यासाठी तसा कागद नाही. कोल्हापूर आणि हुबळी-धारवाड यांचे आराखडे मिळवून वाचा. हवामान, रस्ते आणि वाहनांचे प्रकार आपल्याशी पुष्कळसे जुळणारे आहेत.

बेळगावात रामतीर्थनगर येथे कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अखंड मापन करणारे केंद्र आहे आणि त्याची तासागणिक माहिती केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. एका केंद्रावरून जिल्ह्याविषयी बोलता येणार नाही, आणि निपाणीविषयी तर मुळीच नाही.

गावपातळीवरचे आकडे हवे असतील तर पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचे अहवाल शोधा. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार आसवनी (मद्यार्क बनवणारे) प्रकल्प, मोठे साखर कारखाने, सिमेंट, खाणी, महामार्ग अशा प्रकल्पांना आपल्या परिसरातील हवेची आधारभूत मोजणी करून अहवाल सादर करावा लागतो. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची वाण नाही. त्यांच्या आसवन्यांचे जेवढे अहवाल असतील तेवढ्या परिसरांतील खेड्यांचे पीएम १०, पीएम २.५, सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइडचे आकडे तुम्हाला मिळतील. हे अहवाल 'परिवेश' या संकेतस्थळावर असतात, आणि जनसुनावणीच्या वेळी मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा पंचायतीत लोकांना पाहण्यासाठी ठेवावा लागतो. त्याचा सारांश राज्यभाषेतही असतो. अर्थात ही मोजणी प्रकल्प आणू इच्छिणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने करून घेतलेली असते आणि ती बहुधा एकाच ऋतूची असते, हे प्रकल्पात स्पष्ट लिहावे.

जे कोठेच मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात मागावे. शुल्क १० रुपये आहे. कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करावयाचा असतो, म्हणून आपल्याकडे मराठीत लिहून वाद ओढवून घेण्यापेक्षा कन्नड येणाऱ्या त्या दोघींनाच मसुदा करू द्यावा. 'बेळगावच्या प्रदूषणाची सर्व माहिती द्यावी' असे मागू नये. केंद्राचे नाव, घटक, महिने आणि 'मोजणीचे दिवसवार आकडे' अशी नेमकी मागणी करावी.

पंचगंगेचा पोरगा :

मी कोल्हापुरात एम.एस्सी. करतो. सर्वांचा आदर ठेवून विचारतो, की एवढे जुने कागद चाळण्यापेक्षा पाच-सहा स्वस्त संवेदक (सेन्सर) विकत घेऊन निपाणीच्या चौकाचौकांत लावले तर महिनाभरात स्वतःचे आकडे हाती येणार नाहीत का? मोबाइलवर निर्देशांक दिसतोच, त्याच्याशी ते ताडूनही पाहता येतील.

रसायनी :

संवेदक अवश्य लावा, पण वाचन झाल्यावर. स्वस्त संवेदक कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात आणि हवेत दमटपणा वाढला की पाणी शोषून फुगलेल्या कणांमुळे आकडा वाढवून सांगतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात आणि दाट धुक्यात त्यांचे वाचन जसेच्या तसे घेता येणार नाही. मान्यताप्राप्त यंत्राशेजारी काही काळ ठेवून त्यांची सुधारणा कशी करावी, यावर भारतीय शहरांतले निबंध उपलब्ध आहेत. ते आधी वाचले तर पैसे आणि महिना दोन्ही वाचतील.

मोबाइलवरचा निर्देशांक हा तर ताडून पाहण्याचा आधारच नव्हे. एक तर अनेक ॲप जेथे केंद्र नाही तेथला आकडा उपग्रह आणि संगणकीय प्रतिमान यांवरून अंदाजाने काढतात. दुसरे असे की २०१५ पासून आपल्याकडे सुरू झालेला राष्ट्रीय वायू गुणवत्ता निर्देशांक आठ घटकांपैकी जो सर्वांत वाईट असेल त्याचाच उपनिर्देशांक दाखवतो, सरासरी दाखवत नाही. तो घटक बहुतेक वेळा पीएम १० किंवा पीएम २.५ असतो. चौकातले नायट्रोजन डायऑक्साइड दुप्पट झाले आणि धूळ तेवढीच राहिली, तर निर्देशांक हलणारही नाही. वाहनांचा अभ्यास करणाऱ्याने निर्देशांक बाजूला ठेवून घटकांचे मूळ आकडे घ्यावेत.

ओझोनच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. धुराड्यातून निघालेला नायट्रिक ऑक्साइड आजूबाजूचा ओझोन खाऊन टाकतो, म्हणून ऐन चौकात ओझोन कमी दिसतो आणि वाऱ्याच्या दिशेने काही अंतरावर, ऊन लागल्यानंतर, तो वाढलेला आढळतो. मोटारीच्या धुरातील हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि सूर्यप्रकाश यांच्यापासून ओझोन तयार होतो हे कॅलिफोर्नियातील आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले. त्याआधी तो अननसाच्या स्वादद्रव्यांवर काम करीत होता. लॉस एंजेलिसचे पाठ्यपुस्तकातील जे प्रकरण ताईंच्या विद्यार्थ्यांना परके वाटते, तेच खानापूरच्या जंगलपट्ट्यात चौकापेक्षा अधिक ओझोन का मिळू शकतो हे समजण्यासाठी उपयोगी पडेल.

पंचगंगेचा पोरगा :

निर्देशांकाचे गणित असे असते हे ध्यानात आले. संवेदकांवरचे निबंध आमच्या विद्यापीठात पाहतो आणि ताईंच्या गटाला हवे असतील ते कळवतो.

वेदगंगाकाठ :

गटाशी चर्चा करून विषय आखडता घेतला आहे. आता शीर्षक असे ठरते आहे : 'निपाणी ते संकेश्वर या महामार्गपट्ट्यातील अवजड वाहने व ट्रॅक्टर यांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि सूक्ष्म कण उत्सर्जन : उपलब्ध दस्तऐवजांचा अभ्यास.' नोंदणी आणि इंधनविक्री हे दोन्ही आधार सीमाभागात का अपुरे पडतात, हे पहिले प्रकरण राहील. हंगामातील आणि हंगामाबाहेरील वाहनगणना शेजारी ठेवून फरक दाखवावा असा विचार आहे. मात्र बीएस मानकांच्या तक्त्यांत ट्रॅक्टर कोठेच दिसत नाही. उद्यमबागकर सर, त्याला मानके नाहीत का?

उद्यमबागकर :

आहेत, परंतु वेगळी. शेतीच्या ट्रॅक्टरांसाठी 'ट्रेम' या नावाने स्वतंत्र टप्पे असतात आणि ते मोटारींच्या मानकांपेक्षा बरेच मागून येतात. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना ट्रेम ४ हा टप्पा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. त्याखालच्या शक्तीचे ट्रॅक्टर जुन्याच टप्प्यात राहिले. बीएस ६ च्या मालमोटारीत धूर गाळणारी जाळी आणि युरियाच्या द्रावणाने नायट्रोजन ऑक्साइडे कमी करणारी यंत्रणा असते, तशी उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या लहान ट्रॅक्टरात नसते. शिवाय मोटारीची मर्यादा किलोमीटरला ग्रॅम अशी असते आणि ट्रॅक्टरची किलोवॅट-तासाला ग्रॅम अशी. दोन्ही एकाच तक्त्यात घालायच्या असतील तर ट्रॅक्टर किती भाराने आणि किती तास चालला याचा अंदाज बांधावा लागेल, आणि तो कशावरून बांधला ते लिहावे लागेल.

जुना ग्रंथपाल :

तो अंदाज ६२९ च्या कपाटात मिळणार नाही. कृषी यंत्रसामग्री ६३१.३ खाली असते, म्हणून धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या ग्रंथालयात ट्रॅक्टरच्या ओढशक्तीवरील आणि इंधनखपतीवरील प्रबंध मागा. जाण्यापूर्वी प्रबंध विभाग कोणत्या वेळेत उघडा असतो हे दूरध्वनीवर विचारून घ्या. अनेक ठिकाणी तो मुख्य वाचनकक्षाच्या आधीच बंद होतो.